ऐकू न आलेली हाक
मोहिमांवरचे मूकपट आणि त्यांतली माणसे

वॉलरसच्या शिकारीचा तो प्रसंग मी किती वेळा पाहिला असेल, याची मोजदाद नाही. किनाऱ्यावर वॉलरसांचा कळप पहुडलेला असतो. काही माणसे जमिनीला अंग घासत पुढे सरकतात. एकाच्या हातून हार्पून सुटतो, कळप पाण्याकडे धाव घेतो आणि मग सुरू होते ती रस्सीखेच. दोराच्या एका टोकाला घायाळ जनावर, दुसऱ्या टोकाला माणसे. ती पाण्याकडे ओढली जातात, पुन्हा पाय रोवतात. तोंडे उघडतात, मिटतात. चित्रपट मूक आहे, त्यामुळे ती काय ओरडत आहेत हे आपल्याला कळत नाही.

चित्रपट आहे ‘नानूक ऑफ द नॉर्थ’. दिग्दर्शक रॉबर्ट फ्लॅहर्टी, प्रदर्शनाचे वर्ष 1922. चित्रपट रसास्वाद शिबिरांमध्ये माहितीपटावर बोलायची वेळ आली की मी वर्षानुवर्षे हाच प्रसंग दाखवत आलो. माणूस आणि निसर्ग, आदिम झुंज, न कापता लांबवलेले दृश्य, असे सगळे त्यावर बोलून होत असे. पुढे फ्लॅहर्टीच्या आठवणी वाचनात आल्या. तो लिहितो की दोर धरलेली माणसे त्या वेळी त्याला हाका मारून बंदूक चालवायला सांगत होती. त्याचे सगळे लक्ष कॅमेऱ्याच्या दांड्याकडे होते. त्यामुळे त्याने आपल्याला काही समजलेच नाही असे दाखवले आणि तो दांडा फिरवत राहिला.

त्यानंतर तो प्रसंग मला पूर्वीसारखा पाहता आलेला नाही. ज्याला आपण मूकपट म्हणतो तो मुका कोणाच्या बाजूने होता, हा प्रश्न तेव्हापासून मनात आहे. ध्वनिमुद्रणाची सोय नव्हती हे खरेच. पण इथे हाक मारली गेली होती आणि ज्याने ऐकायची त्याने ती ऐकलीही होती. या लेखात मी दूरदेशीच्या मोहिमांवर काढलेल्या तीन मूक माहितीपटांकडे त्या हाकेच्या बाजूने पाहणार आहे. तिन्ही चित्रपट 1910 ते 1924 या काळात चित्रित झाले. एक दक्षिण ध्रुवाकडचा, एक उत्तरेकडचा आणि एक आपल्या शेजारचा, एव्हरेस्टचा.

या चित्रपटांवरची नेहमीची चर्चा एकाच मुद्द्याभोवती फिरते : दृश्ये खरी की रचलेली? हा प्रश्न मला अपुरा वाटतो. त्या काळचे जड कॅमेरे, मंद फिल्म आणि हाताने फिरवायचे दांडे पाहता काही ना काही रचल्याशिवाय चित्रण होणेच कठीण होते. रचले की नाही, यापेक्षा कोणाला विचारून रचले, आणि चित्रातल्या माणसाला आपले नाव व आपले म्हणणे राखता आले का, हे विचारले तर हाती अधिक लागते.

१. ‘पाँट’ होणारी माणसे

हर्बर्ट पाँटिंग हा इंग्रज छायाचित्रकार 1910 साली कॅप्टन स्कॉटच्या ‘टेरा नोव्हा’ मोहिमेबरोबर अंटार्क्टिकाला गेला. स्वतःला तो ‘कॅमेरा आर्टिस्ट’ म्हणवून घेई. जहाजाचा नाळेकडचा भाग बर्फ कसा फोडतो हे टिपण्यासाठी त्याने जहाजाच्या बाजूने समुद्रावर फळ्या बाहेर काढल्या आणि त्यांवर लोंबकळत चित्रण केले. एकदा तो ज्या बर्फावर उभा होता तेच बर्फ किलर व्हेल माशांनी खालून धडका देऊन फोडले. कॅमेऱ्यासह तो थोडक्यात वाचला.

पण धाडसाहून मला त्याच्या सोबत्यांनी बनवलेला एक शब्द महत्त्वाचा वाटतो. पाँटिंग माणसांना हव्या त्या जागी, हव्या त्या अवघड पवित्र्यात, गारठून जाईपर्यंत उभे करी. म्हणून मोहिमेतल्या मंडळींनी त्याच्या नावावरूनच एक क्रियापद तयार केले : ‘पाँट’ होणे. म्हणजे छायाचित्रासाठी थंडीत ताटकळणे. चेष्टेतला शब्द आहे, पण त्यात एक हक्क दडलेला आहे. ज्यांचे चित्रण चालले होते त्यांना चित्रण करणाऱ्याची टिंगल करता येत होती, आणि ती लिहून ठेवता येत होती.

1911 साली, ध्रुवाकडे निघण्यापूर्वी, पाँटिंगने तळाजवळच एक प्रसंग उभा केला. स्कॉट, विल्सन, बॉवर्स आणि एडगर इव्हान्स हे चौघे घसरगाडी ओढतात, तंबू ठोकतात, आत बसून अन्न शिजवतात, मोजे बदलतात, झोपण्याच्या पिशव्यांत शिरतात. प्रवासात पुढे जे व्हायचे होते त्याची ही आधीच केलेली रंगीत तालीम. पाँटिंग स्वतः ध्रुवापर्यंत जाणार नव्हता. त्याला ते दृश्य आधीच मिळवून ठेवणे भाग होते.

17 जानेवारी 1912 रोजी स्कॉटची पाच जणांची तुकडी ध्रुवावर पोहोचली. अमुंडसेन तिथे महिनाभर आधी येऊन गेला होता. परतीच्या वाटेवर पाचही जण मरण पावले. पाँटिंग मार्चमध्ये जहाजाने परत निघाला तेव्हा त्याला यातले काही ठाऊक नव्हते. त्याने टिपलेल्या चित्रणाचा ‘द ग्रेट व्हाइट सायलेन्स’ हा सलग चित्रपट 1924 साली आला. त्यात ध्रुवाच्या प्रवासासाठी नकाशे, छायाचित्रे, चित्रे यांचा आधार घ्यावा लागला. जिवंत माणसांचे म्हणून जे आहे ते त्या तालमीतले. चौघे हसतात, खातात, पाय चोळतात आणि झोपी जातात. पाहणाऱ्याला मात्र त्यांच्या पुढच्या तंबूची गोष्ट माहीत असते.

हा प्रसंग रचलेला आहे म्हणून कोणी पाँटिंगला खोटा ठरवले नाही. मला वाटते त्याचे कारण असे की ते चौघे स्वतःचीच भूमिका करत होते, स्वतःच्या नावाने. त्यांचे दुसरे म्हणणेही जगापुढे होते. स्कॉटची रोजनिशी त्याच्या मृतदेहाजवळ सापडली आणि चित्रपटाच्या कितीतरी आधी छापून आली. पाट्यांनी काहीही सांगितले तरी त्यांच्या शेजारी ठेवायला माणसांचा स्वतःचा शब्द होता.

फ्रँक हर्लीच्या ‘साउथ’ (1919) या चित्रपटाबद्दलही असेच म्हणता येईल. शॅकल्टनचे ‘एन्ड्युरन्स’ जहाज बर्फात चिरडले गेले तेव्हा हर्लीने गारठलेल्या पाण्यात उतरून निगेटिव्हचे डबे वर काढले. मग शॅकल्टनबरोबर बसून काचेच्या सुमारे 120 प्लेट निवडल्या आणि मोहात पडून परत उचलू नयेत म्हणून उरलेल्या सुमारे 400 फोडून टाकल्या. अंटार्क्टिकात स्थानिक माणसेच नाहीत. तिथे कॅमेरा आपल्याच माणसांकडे पाहतो. उत्तरेकडे वळले की हे बदलते.

२. अलाकारिआलाक

फ्लॅहर्टीचा पहिला प्रयत्न जळून गेला होता. 1916 साली टोरोंटोमध्ये सिगारेटची ठिणगी नायट्रेट फिल्मवर पडली आणि सुमारे 30,000 फूट निगेटिव्ह गेली. वाचलेल्या प्रतीवर तो स्वतःच नाखूश होता. नुसती प्रवासातली सुटी दृश्ये, त्यांना धागा नाही, असे त्याचे मत झाले. पुन्हा जायचे तर एकच माणूस आणि एकच कुटुंब घ्यायचे, हे त्याने ठरवले. माहितीपटाला गोष्टीचा कणा देणारा हा निर्णय मोठाच होता. ‘डॉक्युमेंटरी’ हा शब्द जॉन ग्रिअर्सनने 1926 साली वापरला तोही फ्लॅहर्टीच्याच पुढच्या ‘मोआना’ या चित्रपटाबद्दल.

‘नानूक’चे चित्रण 1920–21 मध्ये कॅनडात, हडसन उपसागराच्या पूर्व किनाऱ्यावर, आजच्या इनुकजुआक परिसरात झाले. पैसा होता रेव्हियों फ्रेर या फ्रेंच कंपनीचा. कंपनी कातडी आणि लोकरीच्या कातड्यांचा, म्हणजे फरचा, व्यापार करणारी. चित्रपटात सुरुवातीलाच नानूक कंपनीच्या ठाण्यावर कातडी घेऊन येतो. तिथला गोरा व्यापारी त्याला ग्रामोफोन दाखवतो. नानूक हसतो, कुतूहलाने पाहतो आणि तबकडी दातांनी चावून बघतो.

या दृश्याला आमच्या शिबिरात हमखास हशा पिकायचा. तो पिकावा म्हणून मी आधी एखादे वाक्य टाकून ठेवत असे, हे इथे कबूल करायला हवे. एकदा हशा ओसरल्यावर मागच्या रांगेतल्या एका मुलीने विचारले, “सर, त्यांचं खरं नाव काय?” मी म्हणालो, “नानूक.” ती म्हणाली, “ते पात्राचं झालं ना?” माझ्याकडे उत्तर नव्हते. इतकी वर्षे ज्या माणसाच्या चेहऱ्यावर मी व्याख्याने दिली त्याचे नाव मला ठाऊक नव्हते, आणि ते शोधावे असेही कधी वाटले नव्हते.

त्याचे नाव अलाकारिआलाक. ‘नानूक’ म्हणजे त्यांच्या भाषेत ध्रुवीय अस्वल. परक्या प्रेक्षकाच्या जिभेला सोपे जावे असे हे नाव. चित्रपटातल्या त्याच्या बायका या त्याच्या बायका नव्हत्या. इग्लूच्या आत कॅमेऱ्याला उजेड पुरेना, म्हणून अर्धाच इग्लू बांधला गेला आणि उघड्या बाजूने येणाऱ्या थंडीत त्या कुटुंबाने झोपण्याचे दृश्य दिले. बर्फाच्या भोकातून सील ओढून काढण्याची झटापट दाखवली आहे, त्यात दोराच्या टोकाला आधीच मेलेला सील होता. ग्रामोफोनचा प्रसंग कॅमेऱ्यासाठीच उभा केलेला होता. व्यापारी ठाण्यांशी वर्षानुवर्षे व्यवहार असलेल्या त्या लोकांना हे यंत्र नवलाचे राहिले नव्हते, असे अभ्यासक सांगतात. म्हणजे आम्ही ज्याच्या भोळेपणाला हसत होतो तो भोळेपणाचा अभिनय करत होता, आणि इतका चांगला की शंभर वर्षे जग फसले.

इथे फ्लॅहर्टीला केवळ आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करून भागणार नाही. त्याने फिल्म तिथेच, झोपडीत धुतली, छापली आणि त्या लोकांनाच दाखवली. त्याच्या सांगण्यानुसार वॉलरसची शिकार पडद्यावर पाहताना ते ‘धरा, सोडू नका’ म्हणून ओरडत होते. फिल्म धुण्यासाठी पाणी त्यांनी आणले, कॅमेरे बिघडले तेव्हा दुरुस्तही त्यांनीच केले. शिकारीआधी त्याने अलाकारिआलाकला विचारले होते की चित्रासाठी शिकार हातची गेली तरी चालेल ना, आणि त्याने आधी चित्रच, असे कबूल केले होते. आजच्या भाषेत ही माणसे चित्रपटाचे नट आणि तंत्रज्ञ होती. श्रेयनामावलीत मात्र यातले काही नाही.

आणि हे सारे आपल्याला कळते ते फ्लॅहर्टीच्याच तोंडून. अलाकारिआलाकने खरेच काय कबूल केले, कोणत्या शब्दांत केले, आणि प्रत्यक्ष दोर हातातून निसटू लागल्यावर बंदुकीसाठी हाक मारताना त्याला तो करार आठवला का, हे सांगणारा त्याचा एकही शब्द आपल्यापाशी नाही. स्कॉटची रोजनिशी आहे; इथे ती जागा रिकामी आहे. पाटी बोलते आणि पाटी फ्लॅहर्टीची आहे.

चित्रपटानंतर सुमारे दोन वर्षांत अलाकारिआलाक वारला. तो हरणांच्या शोधात आतल्या प्रदेशात गेला आणि उपासमारीने मेला, असे फ्लॅहर्टीने जगाला सांगितले. पुढच्या अभ्यासकांच्या मते तो बहुधा आजाराने, क्षयाने, घरीच गेला. उपासमारीचा मृत्यू चित्रपटाच्या गोष्टीत चपखल बसतो. क्षय बसत नाही, कारण क्षयाचा माग काढत गेले की बाहेरून आलेली माणसे आणि त्यांची जहाजे आठवावी लागतात.

आणखी एक धागा आहे. त्या मुक्कामात एका इनुइट स्त्रीपासून फ्लॅहर्टीला मुलगा झाला. त्याचे नाव जोसेफी. बापाने त्याला कधी पाहिले नाही. 1953 आणि 1955 मध्ये कॅनडा सरकारने याच इनुकजुआकमधली काही कुटुंबे उचलून दोन हजार किलोमीटर उत्तरेला, महिनोन्‌महिने सूर्य न दिसणाऱ्या भागात नेऊन वसवली. तिथे ती शिकारीवर स्वावलंबी जगतील, असा हिशेब मांडला होता. 1955 च्या कुटुंबांत जोसेफी होता. त्या लोकांनी भूक, अंधार आणि ताटातूट सोसली. 2010 साली सरकारने जाहीर माफी मागितली. चित्रपटामुळे हे घडले असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. पण काळाबाहेरचा, बंदूक नसलेला, बर्फातच सुखी असलेला जो माणूस चित्रपटाने जगाच्या डोळ्यांपुढे उभा केला, त्याच माणसाची कल्पना त्या सरकारी हिशेबातही बसलेली दिसते.

३. लामांचे उत्तर

तिसरा चित्रपट आपल्या ओळखीच्या वाटेवरचा आहे. जॉन नोएल हा हिंदुस्थानात नेमणुकीवर असलेला ब्रिटिश लष्करी अधिकारी. 1913 साली तो हिंदी मुसलमानाचा वेष करून चोरून तिबेटात शिरला होता. 1924 च्या एव्हरेस्ट मोहिमेचे चित्रण आणि छायाचित्रणाचे सगळे हक्क त्याने 8,000 पौंडांना विकत घेतले. मोहिमेचा पैशाचा प्रश्न त्यामुळे बराचसा सुटला. डोंगरावर चित्रित झालेली रिळे दार्जिलिंगला पाठवली जात आणि तिथे खास उभारलेल्या प्रयोगशाळेत धुतली जात.

8 जून 1924 रोजी ओडेलने मॅलरी आणि अर्विन यांना शिखराच्या बाजूला चढताना शेवटचे पाहिले. काही दिवसांनी वरच्या छावणीवर बर्फात ब्लँकेटे पसरून क्रूसाची खूण केली गेली. अर्थ ठरलेला होता : दोघेही गेले. नोएलने ती खूण दूरवरून, लांब पल्ल्याच्या भिंगातून टिपली. मूकपटाला याहून नेमके दृश्य मिळणार नाही. तिथे पाटीची गरजच नाही.

पण ‘द एपिक ऑफ एव्हरेस्ट’मध्ये डोंगराकडे जाण्याआधी तिबेटी गावे येतात. तिथे पाट्या पुष्कळ बोलतात, आणि तिबेटी माणसांची अस्वच्छता त्यांना फार खुपते. एक माणूस पोराच्या डोक्यातल्या उवा काढून खात असल्यासारखा दिसतो. कोणाच्याही अंगणात दुपारी दिसणारे काम. पण पडद्यावर ते एका देशाची ओळख होऊन बसते. डिसेंबर 1924 मध्ये लंडनच्या न्यू स्काला थिएटरमध्ये चित्रपट लागला तेव्हा प्रेक्षक ओढण्यासाठी ग्यांत्सेहून आणलेले सात लामा चित्रपटाआधी रंगमंचावर वाद्ये वाजवत आणि नाचत.

इथे मात्र चित्रातल्या माणसांच्या मागे एक राज्य उभे होते. उवांचे दृश्य आणि लामांचा खेळ या दोन्हींवर ल्हासाच्या सरकारने आक्षेप घेतला. लामांना परत पाठवा म्हणून सांगितले आणि पुढच्या मोहिमांना परवानगी नाकारली. यामागे ल्हासामधले त्या वेळचे अंतर्गत राजकारण आणि ब्रिटिश अधिकाऱ्यांचे आपसांतले हिशेबही होते, हे इतिहासकारांनी दाखवले आहे. एका चित्रपटावर सारे ढकलता येणार नाही. तरी परिणाम स्पष्ट होता. त्यानंतर एव्हरेस्टवर पुढची मोहीम गेली ती 1933 साली. मोहिमेचा खर्च भागवणाऱ्या चित्रपटाने मोहिमांचीच वाट जवळजवळ नऊ वर्षे अडवून ठेवली. इनुकजुआकच्या किनाऱ्यावरची हाक न ऐकल्यासारखे करता आली. ल्हासाहून आलेली तशी टाळता आली नाही.

ओझी वाहणाऱ्यांचे मात्र तेही भाग्य नव्हते. 1922 च्या मोहिमेत हिमलोटाखाली सात हमाल गेले. 1924 मध्ये मॅलरी-अर्विनच्या आधी शमशेर आणि मनबहादूर हे दोघे दगावले. चित्रपट ज्या दोघांच्या मृत्यूवर संपतो ते दोघे वेगळे. पण मोहिमेच्या सदस्यांनी तळावर रचलेल्या स्मारकाच्या दगडांवर मॅलरी, अर्विन यांच्यासोबत या नऊ जणांचीही नावे कोरली गेली. दगड कोरणाऱ्यांना जे सुचले ते पडद्याला सुचले नाही.

४. कॅमेरा कोणाचा

आपल्याकडची एक गोष्ट या संदर्भात आठवते. हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजे सावेदादा, यांनी 1901 साली रँग्लर परांजपे यांच्या मुंबईतल्या स्वागताचे चित्रण केले. ते मोहिमेवर गेले नव्हते. पडद्यावरची माणसे आणि पडद्यापुढची माणसे एकाच शहरात राहणारी, एकच भाषा बोलणारी होती. तिथे नानूक निर्माण होणे अवघड होते, कारण “हा तर आमच्या आळीतला अमका” असे म्हणणारा कोणीतरी प्रेक्षकांत बसलेला असण्याची शक्यता होती.

इनुइटांपाशी असा प्रेक्षक आणि असा कॅमेरा यायला फार वर्षे लागली. 2001 साली झकारियास कुनुक यांचा ‘अतानारजुआत’ हा चित्रपट कानला गेला आणि त्याला पहिल्या चित्रपटासाठीचा कॅमेरा द’ऑर मिळाला. लिखाण, दिग्दर्शन, अभिनय, सगळे इनुइटांचे, भाषा इनुक्टिटूट. त्यातही काळ जुना आहे, कातडी कपडे आहेत, इग्लू आहेत, बंदूक नाही. म्हणजे तोही रचलेलाच. पण शेवटी श्रेयनामावली सुरू झाली की तिच्या सोबत आजच्या कपड्यांतली मंडळी दिसतात, बर्फावरून कॅमेरा वाहून नेताना. फ्लॅहर्टीने जे चौकटीबाहेर ठेवले ते कुनुक शेवटी चौकटीत आणतात, आणि त्याने गोष्टीची पकड जराही ढिली होत नाही.

‘नानूक’ दाखवायचे मी थांबवलेले नाही. अलाकारिआलाकचा तो प्रसन्न, बेरकी चेहरा दुसरीकडे कुठे पाहायला मिळणार? त्याच्या प्रांतातल्या माणसांना तर त्यात आपल्या पूर्वजांचे चेहरे दिसतात. बदलले आहे ते एवढेच की आता दिवे मालवण्यापूर्वी मी त्याचे नाव फळ्यावर लिहितो. ग्रामोफोनच्या दृश्याला मुले अजूनही हसतात. मी त्यांना अडवत नाही. तो उत्तम विनोदी नट होता, आणि हसू त्यालाच अपेक्षित असावे. वॉलरसच्या प्रसंगाआधी मात्र सांगतो, की यांच्या तोंडांकडे बघा, हे काहीतरी मागत आहेत. मग शिबिरातल्या त्या अंधाऱ्या खोलीत कोणी काही बोलत नाही. पडद्यावर दोर ताणला जातो, तोंडे उघडतात, मिटतात, आणि कोणीतरी दांडा फिरवत राहतो.